सल्ला : ‘अर्ध्या भाकरीवरून मी मित्राची कॉलर धरली’

आदरणीय ताई,

मी २२ वर्षांचा. शिरपूर तालुक्यातला. धुळ्यात देवपूरला खोली करून राहतो, पोलीस भरतीची तयारी करतो. खोलीत आम्ही तिघं. घरी साडेतीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि एक एकरभर घरी खायची दादर ज्वारी. औंदा कापूस वेचणीच्या वेळी पावसात भिजला, जो हाती लागला त्याचे पैसे कृषी केंद्राच्या उधारीत गेले. दसऱ्यानंतर वडिलांकडे पैसे मागायला जीभ रेटेना, म्हणून मी मेस एक वेळची केली. दुपारी दोनला चार पोळ्या, भाजी, थोडा वरण-भात. संध्याकाळी चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. ग्राउंड मात्र एक दिवस चुकवलं नाही. रोज पहाटे सोळाशे मीटर. सहा महिन्यांत वजन ६२ वरून ५१ वर आलंय.

पोटाचं मी सहन करीन, ताई. डोक्याचं काय झालंय ते विचारायचंय. अभ्यासिकेत पुस्तक उघडलं की अकरापासून नजर घड्याळावर. रात्री मोबाईलवर मांडे, भरीत, शेवभाजी करतानाचे व्हिडिओ बघत एक वाजतो. मेसमधली एक पोळी कागदात बांधून आणतो आणि रात्री तिचे बोटभर तुकडे करून तासभर खात बसतो. मध्येच कोणी बोललं की डोकं सणकतं. खोलीत सगळे पंखा लावतात, मी चादर ओढतो. कोणात बसावंसं वाटत नाही.

मागच्या आठवड्यात खोलीतल्या मित्राच्या घरून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी आल्या. त्याने मला एक दिली. मी आणखी दोन उशीखाली लपवल्या. त्याला सापडल्या. तो चिडला नाही, हसला, त्यातली अर्धी मोडून तोंडात घातली, आणि मी त्याची कॉलर धरली. मी असा नव्हतो. दुसरा मित्र म्हणतो, उपास समज, लोक नवरात्रात नऊ दिवस करतात, मन घट्ट कर. माझं मन इतकं कमजोर आणि नीच कसं झालं? माय रोज रात्री फोनवर विचारते, ‘जेवना का भाऊ?’ मी म्हणतो, ‘हां माय, जेवनू.’ घरी काही सांगायचं नाही, एवढं धरून सल्ला द्या.

— एक भरतीवाला, धुळे

भाऊ,

हे वाचायला घेण्याआधी एक केळं खा, नाहीतर मूठभर फुटाणे-शेंगदाणे. शेजारच्याकडून उसने घेतलेस तरी चालतील. खाऊन झालं की पुढचं वाच.

तुझं मन नीच झालेलं नाही. ते सहा महिने उपाशी आहे, आणि उपाशी मन जसं वागतं तसंच वागतंय. हे तुझी समजूत काढायला म्हणत नाही. तू पत्रात लिहिलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वी वहीत टिपून ठेवलेली आहे, तुझ्याच वयाच्या पोरांची.

१९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात लोक उपासमारीने खंगले होते, आणि अशा माणसांना पुन्हा खायला कसं घालायचं याची पक्की माहिती कोणाकडे नव्हती. हे तरुण युद्धात बंदूक धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले होते. उपाशी लोकांच्या कामी यावं म्हणून त्यांनी स्वतःहून उपाशी राहायचं कबूल केलं. निवडताना तब्येत आणि मन दोन्ही तपासून, धडधाकट तेवढेच घेतले. आधी १२ आठवडे पोटभर जेवण दिलं. मग २४ आठवडे दिवसाला साधारण १,५७० कॅलरी, त्याही दोन वेळच्या जेवणात वाटून: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं. २४ आठवडे म्हणजे साडेपाच महिने. तुझे सहा होत आलेत. तुझ्या चार पोळ्या, वरण-भात आणि बिस्किटांचा हिशेब मी मांडून पाहिला, तो बाराशेच्या आसपास येतो. म्हणजे त्या पोरांपेक्षाही कमी, आणि ती चालत होती, तू धावतोयस.

त्यांचं काय झालं ते ऐक. काही आठवड्यांत बोलायचे विषय आटले, एकच उरला. मुलींबद्दल, युद्धाबद्दल, पुढच्या आयुष्याबद्दल बोलणं बंद झालं. पाककृतींची पुस्तकं गोळा करून ती झोपताना वाचायला लागले. तेव्हा मोबाईल नव्हता, एवढाच फरक. ताटातलं लवकर संपू नये म्हणून बारीक तुकडे करून, पाणी मिसळून, तासन्‌तास चघळायचे, आणि शेवटी ताट चाटायचे. चहा-कॉफी इतकी प्यायला लागले की तिच्यावर मर्यादा घालावी लागली. भर जुलैत त्यांना थंडी वाजायची. हसणं गेलं, थट्टामस्करी गेली. जेवणाच्या रांगेत क्षुल्लक गोष्टीवरून एकमेकांवर खेकसायचे. काही जण नियम मोडून खाताना सापडले, चोरी केल्याचं कबूल करताना रडले. मन घट्ट असलेली, एका चांगल्या कामासाठी आपण होऊन आलेली माणसं होती ती. वजन सरासरी पाव भागाने उतरलं आणि त्यासोबत स्वभावही उतरला.

असं का होतं? मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के, पण शरीर खर्च करतं त्यातली सुमारे वीस टक्के ऊर्जा एकटा खातो. आवक कमी झाली की शरीर घरातल्या शहाण्या बाईसारखं खर्च कापायला बसतं. आधी ऊब कापतं, म्हणून तुला चादर लागते. नाडी मंद करतं. मग मैत्री, हसणं, नवीन काही शिकायची हौस, या सगळ्याला ‘नंतर बघू’ म्हणतं. चरबी कमी झाली की लेप्टिन नावाचं संप्रेरक घटतं, रिकाम्या पोटातून घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक वाढतं, आणि दोन्ही मिळून मेंदूला एकच निरोप देत राहतात: अन्न शोध. अभ्यासिकेत अकरा वाजता तू घड्याळाकडे बघतोस ते या निरोपामुळे. रात्री एक वाजेपर्यंत भरिताची वांगी भाजली जाताना बघतोस तेही यामुळेच. हा निरोप इच्छाशक्तीने बंद होत नाही. त्याला एकच उत्तर ठाऊक आहे.

त्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची. त्या तरुणांना वाटायचं, आपली बुद्धी गेली, काही लक्षात राहत नाही, विचार करवत नाही. पण बुद्धीच्या चाचण्या घेतल्या तेव्हा त्यांत म्हणावी अशी घट दिसली नाही. तू केलेला अभ्यास कुठे गेलेला नाही. त्याच्यासमोर ताट आडवं आलंय.

आता एक घरची गोष्ट सांगते. आजवर फार कोणाला सांगितलेली नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं. पाऊस त्याच्या आधीपासूनच हुलकावण्या देत होता, त्या साली तर विहिरीचा तळ उघडा पडला. १९७३ च्या मे महिन्यात सगळ्या महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आमच्या घरातले चौघे त्यांत होते, आई, वडील, काकू आणि नाना म्हणजे माझे काका. खडी फोडायची, पाटीने माती वाहायची. कामावर सुकडी नावाचं कोरडं पौष्टिक खाणं मिळायचं आणि रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, जिच्या भाकरीचा वास मला अजून आठवतो. ते काम होतं म्हणून आम्ही जगलो, हे खरं. पण पोट कोणाचंच भरत नव्हतं.

नाना म्हणजे घरातला सगळ्यात मऊ माणूस. पोरांना खांद्यावर बसवून पोळ्याच्या दिवशी गावभर फिरवणारा. त्या उन्हाळ्यात ते चुलीच्या खोलीच्या दारात उभे राहून टोपल्यातल्या भाकरी मोजायला लागले. कोणाच्या ताटात कोणता तुकडा गेला ते बघायचे. एका संध्याकाळी माझा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा, नानांच्या उपरण्याला चिकटलेली सुकडी चाटत होता. नानांनी त्याचा हात असा पिरगाळला की तो पोर आवाज न करता तोंड उघडून रडला. आईने त्याला उचलून आत नेलं. नाना रात्रभर ओट्यावर बसून होते, सकाळी कामावर गेले, आणि त्या दिवसापासून भावाकडे बघून बोलले नाहीत, कितीतरी दिवस.

पुढे पाऊस झाला, पिकं आली. तरी नाना ज्वारीचं एक पोतं उशाशी ठेवून झोपायचे. नवी ज्वारी घरात येईपर्यंत ते उघडू द्यायचे नाहीत, मग आतलीला टोके लागले तरी. गाव त्यांना चिक्कू म्हणायचं. मीही म्हटलंय, तोंडावर म्हटलंय. मिनेसोटाच्या त्या पोरांबद्दल मी वाचलं तेव्हा चाळिशीत होते, आणि नानांना जाऊन चार वर्षं झाली होती. नाना, तुम्ही वाईट नव्हता, ही भूक होती, एवढं एक वाक्य त्यांना सांगायचं राहून गेलं. म्हणून तुझं पत्र आल्याच्या रात्रीच उत्तर लिहायला बसले.

तुझ्या मित्राच्या उपासाबद्दल दोन शब्द. उपास म्हणजे ठरवून, ठरलेल्या मुदतीचा, आणि सोडायच्या वेळी समोर ताट असतं. शिवाय आपण साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, केळी खाऊनच उपास करतो, पोट रिकामं नसतंच. सहा महिने एकवेळ जेवून सोळाशे मीटर पळणं हा उपास नाही. मित्र वाईट हेतूने बोलत नसेल, पण त्याचं हे ऐकू नकोस.

आता काय करायचं ते.

उद्या सकाळी ग्राउंडला जाऊ नकोस. शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीत जा, केसपेपर काढ आणि डॉक्टरांना स्पष्ट सांग: सहा महिन्यांत अकरा किलो उतरलो, एक वेळ जेवतो. लाजून ‘अशक्तपणा वाटतो’ एवढंच सांगून टॉनिक घेऊन येऊ नकोस. हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तातले क्षार बघा म्हणावं. खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल तर तेही सांग. वजन भुकेनेच उतरलं की आणखी कशाने, हे त्यांना ठरवू दे. पायावर सूज, छातीत धडधड, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काही असेल तर उद्याची वाट न बघता आजच जा.

आणि एकदम तुटून पडून खाऊ नकोस. हे कळकळीने सांगते, कारण तुला पहिली इच्छा तीच होणार. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. १९४५ मध्ये छळछावण्यांतून सुटलेली काही माणसं जेवणानेच गेली. तुझी अवस्था तितकी नाही, पण घाई नको. दुपारचं जेवण आहे तसं ठेव. पहिल्या आठवड्यात सकाळी एक केळं आणि थोडं दूध, रात्री एक भाकरी आणि डाळ, एवढंच वाढव. चार-पाच दिवस बरे गेले की आणखी एक भाकरी, एखादं अंडं, उडदाची डाळ, शेंगदाण्याची चटणी. डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐक. अभ्यासिकेत जाताना खिशात फुटाणे ठेव आणि अकराला खा. ते मिळणार हे मनाला कळलं की घड्याळाकडे बघणं हळूहळू कमी होईल.

पळणं तीन आठवडे बंद. भरतीत छाती ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवून ५ जास्त, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उपाशीपोटी पळून तू ती छातीच जाळतोयस. पोटात काही नसलं की शरीर स्नायूंवर हात टाकतं.

पुढचे दोन-तीन महिने कसे जातील तेही आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाहीस. जेवण वाढलं म्हणून मन दुसऱ्या दिवशी ताळ्यावर येत नाही. मिनेसोटात जेवण वाढवायला लागल्यावर काही जण आधीपेक्षा जास्त चिडचिडे झाले. बंधनं उठल्यावर पोट तुडुंब भरलं तरी ‘अजून हवं’ वाटायचं, एकाला तर अति खाल्ल्याने दवाखान्यात न्यावं लागलं. अन्नाचे विचार कित्येकांना महिनोन्‌महिने सोडेनात. वजनही आधी पोटावर चरबी म्हणून येतं, स्नायू मागून भरतात. तेव्हा जेवून उठल्यावर पुन्हा भूक लागली किंवा व्हिडिओ बघावासा वाटला, तर ‘मी हावरा’ म्हणून स्वतःला मारत बसू नकोस. मन सगळं नीट परत येतं, त्या पोरांचंही आलं, फक्त ते पोटाच्या मागून येतं. या काळात जगणंच नकोसं वाटलं तर १४४१६ ला फोन कर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

पैशाचं बघू. दहा रुपयांची शिवभोजन थाळी तुझ्या जवळपास कुठे चालू आहे का ते चौकशी करून ठेव. कॉलेजला नाव असेल तर ‘कमवा आणि शिका’मध्ये काम मागता येतं, आणि समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाची स्वाधार, स्वयम् अशी निर्वाहभत्त्याची योजना तुला लागू पडते का, तेही विचार. खोलीत तिघं आहात, एक शेगडी आणि कुकर घेतलात तर डाळ-भात मेसपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. तो शिजवायला पहिल्या दिवशी तू बस. भूक लागलेल्याच्या हाताला काम दिलं की त्याला भिकारी असल्यासारखं वाटत नाही.

त्या मित्राला माझ्या मते एवढंच सांग: ‘मी दसऱ्यापासून एक वेळ जेवतोय. त्या दिवशी भान नव्हतं. माफ कर.’ पुढे काही जोडू नकोस. ज्याने लपवलेल्या भाकरी सापडल्यावर हसून अर्धी मोडून घेतली, त्याला बहुतेक तेव्हाच कळलं असेल.

राहिली तुझी अट. ‘घरी काही सांगायचं नाही.’ ती मी मानणार नाही, भाऊ.

तू स्वतःच लिहिलंयस की एक एकर दादर घरी खायला असते. तुमच्याकडे टंचाई रोकड पैशाची आहे, ज्वारीची नाही. फाल्गुनात तर नवी दादर दारात येते. म्हणजे शिरपूरकडे कोठीत ज्वारी आहे, पन्नासेक किलोमीटरवर देवपुरात तू उशीखाली भाकरी लपवतोयस, आणि मधे फक्त ‘जेवनू’ हा एक शब्द आडवा पडलाय. वडिलांना त्रास नको म्हणून तू तो बोललास, मला कळतं. पण मायला सांगण्यात पैसे मागणं नाहीच. तिने पैसे पाठवायचे नाहीत, भाकरी पाठवायच्या आहेत. दादरीची भाकरी दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते, कळण्याची तर ठेच्यासोबत शिळीच गोड लागते. आपल्याकडे किती पोरं एसटीने आलेल्या डब्यावर शिकली, शेजारीपाजारी विचारून बघ.

आज रात्री तिचा फोन येईल. ती विचारेल, ‘जेवना का भाऊ?’ तेव्हा म्हण, ‘नही माय, एकच येळ जेवस मी.’ ती थोडा वेळ गप्प होईल, कदाचित रडेल. रडू दे, फोन ठेवू नकोस. मग शिरपूरहून सकाळी निघणारी कोणती गाडी धुळ्याला तुझ्या सोयीच्या वेळी पोचते, तेवढं तिला सांग. डबा त्या गाडीत ठेवायचा आणि तू स्टँडवर उभं राहायचं.